टेलिफोनबाई आणि न निघणारा ब्राउझर

टेलिफोनबाईंना टेलिफोनबाई म्हणायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आणि समोरच्या वाचनालयात त्यांचं दुसरं नाव कुणाला ठाऊक नाही, आणि बाईंची त्याबद्दल काही तक्रारही नाही. तेहतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. पहिली सहा वर्षं कानाला हेडफोन लावून नंबर जोडून देणाऱ्या मुलींच्या रांगेत. मग खात्याची परीक्षा देऊन मागच्या मोठ्या दालनात, जिथं यंत्रं होती आणि तोवर फक्त पुरुष होते.

त्या दालनात जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रांगा होत्या. शहरात कुणी नंबर फिरवला की इथं एक दांडा खटखट वर चढायचा, मग आडवा वळायचा आणि पुढच्या दांड्याला जाऊन भिडायचा. दिवसभर नुसता खडखडाट. पहिल्या दिवशी सुपरवायझरनी बाईंच्या हातात फडकं दिलं आणि म्हणाले, "रांगा पुसून काढा." बाईंनी निमूटपणे पुसल्या. चौथ्या दिवशी पुसता पुसता त्या थबकल्या.

"साहेब, तिसऱ्या रांगेतला वरून पाचवा दांडा एका खटक्याच्या जागी दोन खटके देतोय."

साहेब हसले. एवढ्या गोंगाटात एक खटका जास्त ऐकू येतो म्हणे! संध्याकाळी दवाखान्याची लाइन लागेना म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा बिघाड सापडला तिसऱ्या रांगेत, वरून पाचव्या दांड्यात. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्क्रू-ड्रायव्हर दिला.

निवृत्तीच्या आधी आठ वर्षं ते सगळं लोखंड भंगारात गेलं आणि नवीन इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं. त्या बदलीचा दिवस बाईंच्या आयुष्यातला मानाचा दिवस. नव्या बाजूची सगळी जोडणी महिनाभर आधी पुरी झाली होती, एकेक तार तपासून झाली होती. एका रविवारी सकाळी शिट्टी वाजली आणि रांगेत उभ्या असलेल्या तीस जणांनी जुन्या तारा तोडल्या, नव्या बाजूच्या खुंट्या ओढल्या. मधे साडेतीन मिनिटं अख्खं शहर मुकं होतं. मग कुठंतरी एक घंटी वाजली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. त्या तीस जणांत एक बाई होती.

अशी बाई घरातल्या कॉम्प्युटरला मात्र लांबूनच रामराम करायची, हे ऐकून कुणालाही नवल वाटेल. पण तसं होतं खरं. कॉम्प्युटर मुलानं आणून दिलेला. नोकरीसाठी परगावी जाताना त्यानं तो पुढच्या खोलीत खिडकीशेजारी मांडला, काय करायचं ते तीनदा दाखवलं आणि गेला. त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्या कॉम्प्युटरला घरात एकच काम होतं, आणि ते काम सासूबाईंचं.

सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. कानांनी कधीच हात टेकलेले, पण नजर शाबूत आणि जीभ त्याहून. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन साता समुद्रापलीकडे गेली ती तिकडचीच झाली. वय त्र्याऐंशी, तरी सासूबाईंच्या लेखी ती अजून 'चिमणी'च. दर गुरुवारी दुपारी चार वाजता दोघी कॉम्प्युटरवर भेटायच्या. सासूबाईंना आवाज येत नसे, पण मोठ्या पडद्यावर चिमणीचे ओठ दिसायचे आणि ओठांवरून त्यांना सगळं कळायचं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर ते जमत नव्हतं. एकदा करून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "हिचं तोंड आहे का शर्टाचं बटण?"

गुरुवारी तीनपासूनच तयारी चाले. केस विंचरायचे, चष्मा पुसायचा, खुर्ची पुढं ओढायची. आणि चारला बहीण दिसली की पहिलं वाक्य, "काय गं, किती वाळलीस!" तिकडून उत्तर, "आणि तू किती सुटलीस!" मग तासभर दोघींची जुंपायची. साठ वर्षांपूर्वी कुणी कुणाची छत्री हरवली यावरून सुद्धा भांडण व्हायचं, आणि भांडून झालं की सासूबाई आठवडाभर खुशीत असायच्या.

तर एका गुरुवारी चार वाजता बाईंनी नेहमीप्रमाणे कॉल लावायला घेतला, आणि पडद्यावर बहिणीच्या जागी एक पांढरी पाटी आली. तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, त्यात ही सेवा यापुढे चालणार नाही. ब्राउझर म्हणजे इंटरनेटची पानं ज्यातून उघडतात ती खिडकी, एवढं बाईंना माहीत होतं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पाटी. पाटीवरचं 'नवीन घ्या' दाबलं, तर दुसरी पाटी आली की तुमची सिस्टीमच, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रामच, इतकी जुनी आहे की तिच्यावर नवीन ब्राउझर बसणार नाही.

सासूबाई केस विंचरून बसलेल्या. "काय झालं? लाइन बिघडली?"

हे वाक्य बाईंना लागलं. तेहतीस वर्षं शहराच्या लाइनी सांभाळल्या, आणि घरातली एक लाइन बंद? त्यांनी समुद्रापलीकडे साधा फोन लावला, मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या चिमणीला, सगळं सांगितलं आणि मावशींचा निरोप मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी तो वाचला आणि घडी करून ठेवला.

"कागदावर मी तिचं तोंड कसं बघू?" त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आणि त्यांचे मिस्टर, दोघांनी मिळून कॉम्प्युटरचं खोकं खाली उतरवलं आणि दुकानात नेलं. मिस्टर मोजणी खात्यात नकाशे काढायचे, आता निवृत्त. स्वभावानं इतके सावध की बंद पंख्याखालीसुद्धा जपून उभे राहतील. दुकानदारानं खोकं चालू केलं, दोन मिनिटं पाहिलं आणि बंद केलं.

"काकू, आता ह्याला निरोप द्या."

"बिघडलंय काय?"

"बिघडलं काहीच नाही. जुनं झालंय."

"जुनं म्हणजे? पंखा फिरतोय, पडद्यावर एक डाग नाही, डिस्कचा आवाज साफ आहे."

"ते सगळं कबूल. पण सिस्टीम जुनी, आणि तिच्यासोबत आलेला ब्राउझरही जुना. तो काढून दुसरा बसवावा म्हटलं तर तो निघत नाही. मुळातूनच आत असतो ना तो. भिंतीतल्या विटेसारखा. ओढून काढलात तर भिंत अंगावर येईल."

खोकं उचलून घरी आणताना बाईंच्या डोक्यात एकच घोळत होतं. ज्यात बिघाड नाही ते यंत्र टाकायचं? एक्स्चेंजमध्ये असं कुणी म्हटलं असतं, तर साहेबांनी त्याच्या हातात फडकं दिलं असतं.

रात्रीच्या जेवणाआधी मुलाला फोन झाला. तो घाईत होता. "आई, तू त्यात हात घालू नकोस हं. काहीतरी भलतंच होऊन बसेल. मी सुट्टीत आलो की बघतो."

"सुट्टी कधी?"

"चार महिन्यांनी."

बाईंनी सासूबाईंच्या समोर बसून, ओठ नीट हलवत ते सांगितलं. सासूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. "चार महिने! मी अठ्ठ्याऐंशीची, ती त्र्याऐंशीची. तेवढ्यात एक जण गेली, तर उरलेलीनं भांडायचं कुणाशी?"

मिस्टर म्हणाले, "आई, असं अभद्र बोलू नये." बाई मात्र त्याच क्षणी मनात म्हणाल्या, बस झालं. हे काम मीच करणार.

आता इथं सांगायला हवं की बाईंनी पहिल्याच फटक्यात घोटाळा केला, आणि तोही असा की त्यांची त्यांनाच लाज वाटावी. शनिवारी सकाळी कॉम्प्युटरच्या आतल्या याद्या चाळताना त्यांना एक पान सापडलं. सिस्टीमसोबत आलेल्या सोयी चालू किंवा बंद करण्याचं. त्यात तो ब्राउझर होता, आणि नावाशेजारी बरोबरची खूण. बाईंनी खूण काढली. 'खात्री आहे का?' असं विचारलं गेलं. बाईंनी होय म्हटलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि पाहतात तर काय, ब्राउझर गायब!

"निघत नाही म्हणे!" बाई आनंदानं ओरडल्या. "अहो, इकडे या! वीट निघाली आणि भिंत उभी आहे!"

मिस्टर आले, त्यांनी पडद्यावर वाकून पाहिलं आणि सावधपणे विचारलं, "मग आता नवीन कुठून आणायचा?"

"इंटरनेटवरून."

"ते कशातून उघडायचं?"

बाईंचा चेहरा उतरला. नवीन आणायला बाहेर जायचं, आणि बाहेर जायचं एकुलतं एक दार त्यांनी स्वतःच्या हातानं काढून ठेवलेलं. एक्स्चेंजमध्ये नव्या पोरांना त्या पहिल्या दिवशी बजावायच्या की नवी तार जोडून, तपासून होईपर्यंत जुनीला कात्री लावायची नाही. आणि इथं त्यांनी आधी कात्री लावून मग तार शोधायला घेतली होती.

"आता काय करायचं?" मिस्टरांनी विचारलं.

"आता चहा करा," बाई म्हणाल्या.

चहा होईस्तोवर त्यांचा पारा उतरला. खूण परत लावून ब्राउझर परत आणता येत होता; त्यांनी तो आणलाही. पण त्या एका चुकीनं त्यांना दोन गोष्टी शिकवल्या. एक, दुकानदाराला वाटत होतं तेवढं हे प्रकरण अभेद्य नाही. आणि दोन, हे काम एक्स्चेंजच्या बदलीसारखंच करायचं. आधी नवी बाजू पूर्ण उभी करायची, तपासायची, आणि मगच शिट्टी वाजवायची.

सोमवारपासून बाई समोरच्या वाचनालयात जाऊन बसू लागल्या. तिथं वाचकांसाठी एक कॉम्प्युटर होता. ग्रंथपाल बाईंना आधी वाटलं, टेलिफोनबाई कादंबरी शोधायला आल्या असतील. पण ह्या तर वहीत पान पान उतरवून घेताहेत! दोन दिवसांत बाईंना कळलं की नुसता ब्राउझर बदलून भागणार नाही, कारण घोडं अडलंय ते त्याच्याखालच्या सिस्टीमवर. सिस्टीमच बदलायला हवी. आणि जगभरातल्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेल्या अशा सिस्टीम आहेत की ज्या कुणीही फुकट घ्याव्या, जुन्या मशीनवर बसवाव्या. शिवाय त्यांतली एक मराठीत चालत होती.

ग्रंथपाल बाईंनी भुवई उंचावली. "कुणी उगीच एवढं देतं का हो? काहीतरी गोम असेल."

"असली तर सापडेल," बाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर आधी चालवून बघायची सोय आहे."

ती सोय वाचून बाई खरं तर खुर्चीतून उठायच्याच बाकी होत्या. नवी सिस्टीम पेन ड्राइव्हवर भरायची आणि जुन्या सिस्टीमला हातही न लावता कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून चालवून पाहायचा. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढा, सगळं होतं तसं. हे ज्यानं कुणी सुचवलं त्यानं नक्कीच कधीतरी कुठल्यातरी एक्स्चेंजमध्ये काम केलं असणार, असं बाईंचं आजही ठाम मत आहे.

घरी मिस्टरांनी कागद पसरला, पट्टी-गुण्या काढल्या आणि बाई सांगतील तसा कामाचा आराखडा काढला. अकरा पायऱ्या, अकरा चौकोन, चौकोनांना जोडणारे बाण. सवयीनं त्यांनी कोपऱ्यात उत्तर दिशाही दाखवली. पहिला चौकोन होता फोटो आणि कागदपत्रं उतरवून घेण्याचा. तीन हजारांवर फोटो निघाले. बाईंनी ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवले आणि वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर नेऊन प्रत्येक फोल्डर उघडून पाहिलं. मिस्टर म्हणाले, एकदा पाहिलं ना? बाई म्हणाल्या, उतरवलंय असं वाटणं वेगळं आणि उतरलेलं दिसणं वेगळं.

ह्या सगळ्यात दुसरा गुरुवार आला. चार वाजता बाई बाहेरच्या खोलीत आल्या तर सासूबाई केस विंचरून बंद पडद्यासमोर बसलेल्या. पाच वाजता त्या उठल्या, खुर्ची मागं सरकवली आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी बाईंनी आराखड्यातले दोन चौकोन एकदम पुरे केले.

शनिवारी सकाळी पेन ड्राइव्हची तपासणी ठरली. पण कॉम्प्युटर काही केल्या पेन ड्राइव्हकडे ढुंकून पाहीना, थेट जुनीच सिस्टीम उघडायचा. वहीत लिहिलं होतं की चालू करताक्षणी कळफलकावरचं एक ठरावीक बटण दाबत राहायचं. पण चालू करायचं बटण टेबलाखालच्या खोक्यावर आणि कळफलक टेबलावर. बाई खालून वर येईपर्यंत वेळ निघून जायची. मिस्टरांना सांगितलं, तर ते इतक्या हळुवारपणे दाबायचे की बटणाला कळायचंच नाही.

"सरक," सासूबाई मिस्टरांना म्हणाल्या. "मला सांगा, कुठलं बटण?"

मग अशी फौज उभी राहिली. बाई टेबलाखाली गुडघ्यांवर, मिस्टर टॉर्च धरून, आणि सासूबाई कळफलकाशी तर्जनी रोखून. बाईंनी हात वर करून खूण केली, आणि सासूबाईंनी बटणावर असा काही मारा केला की टेबलावरचा पेला हलला. पडदा काळा झाला, मग एक यादी आली आणि यादीत पेन ड्राइव्ह! दोन मिनिटांत समोर एक स्वच्छ निळा पडदा, खाली कोपऱ्यात मराठीत वार आणि तारीख.

बाईंनी नवा ब्राउझर उघडला. कॉलचं पान विनातक्रार उघडलं. कॅमेऱ्यात तिघांचे चेहरे दिसले. पण चाचणीचा आवाज काही येईना.

"आवाज येत नाही," बाईंनी सासूबाईंना सांगितलं.

"मग त्यात काय बिघडलं? मला तसाही येत नाही."

मिस्टर हसले, पण बाई हटल्या नाहीत. पलीकडे मावशींना ऐकू जायला हवं, इकडं आम्हाला यायला हवं. अर्धी लाइन म्हणजे लाइन नव्हे. त्यांनी एका टोकापासून सुरुवात केली. सिस्टीममध्ये आवाज चालू आहे? आहे. स्पीकरचा दिवा? लागतोय. तार कुठं जाते? तारेवरून बोट फिरवत त्या खोक्याच्या मागं पोचल्या आणि थांबल्या. स्पीकरची तार माइकच्या भोकात होती.

"खोकं मागून कुणी पुसलं होतं?"

मिस्टर छताकडे पाहू लागले. दुकानातून परत आणल्यावर त्यांनीच खोकं मागून पुढून लख्ख पुसून तारा 'जशाच्या तशा' लावल्या होत्या. तार जागेवर गेली आणि खोलीत खणखणीत घंटी वाजली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

चार दिवस बाईंनी कॉम्प्युटर तसाच पेन ड्राइव्हवरून चालवला. फोटो उघडून पाहिले, पत्र टाइप केलं, मावशींच्या मुलीला निरोप पाठवून चाचणीचा कॉल केला. गोम काही सापडली नाही. बुधवारी सकाळी दहा वाजता त्या आराखड्यातल्या नवव्या चौकोनापाशी आल्या. पडद्यावर लिहिलं होतं की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल आणि परत आणता येणार नाही. पुढे जायचं?

मिस्टरांची पाचावर धारण बसली. "अगं, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मुलगा येईल..."

"अहो, फोटो कुठं आहेत?"

"दोन ठिकाणी."

"तपासलेत?"

"तू तपासलेस."

"नवी सिस्टीम चालते?"

"चार दिवस चालतेय."

"मग वाजवा शिट्टी."

मिस्टरांना खरंच शिट्टी वाजवता येत होती, पण त्या क्षणी ओठ कोरडे पडलेले, नुसती हवा निघाली. बाईंनी बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरू लागली. बावीस मिनिटं लागली. त्या बावीस मिनिटांत बाई एकदाही खुर्चीवर टेकल्या नाहीत. मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

"गेलं!" मिस्टर म्हणाले. "मी सांगत होतो!"

"थांबा. खाली बारीक अक्षरांत काहीतरी आहे." बाईंनी चष्मा वर सारून, नाक पडद्याला लावून वाचलं. पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा, एवढंच होतं ते. त्यांनी काढला. दाबलं. आणि तो अकरा वर्षांचा म्हातारा डबा जुन्या सिस्टीमला जितका वेळ लागायचा त्याच्या निम्म्यात उठून उभा राहिला. जुना ब्राउझर नाही, जुनी सिस्टीम नाही, कसली पाटी नाही. बाईंनी दोन्ही मुठी आवळून हवेत उडवल्या, चौसष्टाव्या वर्षी, आणि मिस्टरांच्या पाठीत असा धपाटा घातला की त्यांना खोकला आला.

गुरुवारी तीनपासून घरात लगबग. सासूबाई खुर्चीत, चष्मा दोनदा पुसलेला. चार वाजले. बाईंनी हात पुढं केला, तर सासूबाईंनी तो अडवला. त्या पडद्यावर काहीतरी वाचत होत्या. आधी सगळं इंग्रजीत असायचं; अकरा वर्षांत पहिल्यांदाच पडद्यावरची अक्षरं त्यांना वाचता येत होती.

"हे 'कॉल करा' असंच लिहिलंय ना?"

"हो, आई."

"मग मी करते की!" आणि त्यांनी माउस धरून, जिभेचं टोक ओठात पकडून, ते बटण दाबलं.

घंटी वाजली. पडदा उजळला. पलीकडे मावशी, केस विंचरलेल्या.

"काय गं चिमणे, किती वाळलीस!"

मावशींनी डोळे टिपले आणि मग ओठ अगदी स्वच्छ हलवत म्हणाल्या, "ताई, तीन आठवड्यांत किती सुटलीस तू!"

तासभर दोघी बोलल्या. मधेच सासूबाईंनी मान मागं वळवून सुनेकडे बोट केलं आणि बहिणीला मोठ्यानं सांगितलं, कारण स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्या सगळंच मोठ्यानं सांगायच्या, "हिनं केलं हो सगळं! दुकानदारानं हात वर केले होते. तो म्हणाला निघत नाही. हिनं काढून दाखवलं!" खिडकी उघडी होती. समोर वाचनालयाच्या पायरीवरच्या लोकांनीसुद्धा ते ऐकलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण सासूबाईंनी चारचौघांत कौतुक केल्याचं बाईंना आठवत नव्हतं. त्या पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात दुकानदार स्वतः जिना चढून आला, कॉम्प्युटरसमोर उभा राहिला आणि डोकं खाजवत म्हणाला, "काकू, खरं सांगू? मी कधी काढून पाहिलाच नव्हता. आम्हाला सांगितलेलं, निघत नाही. आम्हीही तेच सांगत आलो." बाईंनी त्याला आराखडा दाखवला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. उत्तर दिशा कशासाठी, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर ग्रंथपाल बाईंनी वाचनालयातलं एक टेबल दर शनिवारी सकाळी बाईंच्या नावे केलं. लोक आपापली 'जुनी झालेली' खोकी घेऊन येऊ लागले. निवृत्त परिचारिका आली, शिंपी आला, दुकानदारानं पाठवलेली माणसं आली. बाई कुणाचंही काम स्वतः करत नाहीत. त्या शेजारी बसतात आणि ज्याचं त्याच्याकडून करून घेतात. आधी उतरवून घ्या, मग चालवून बघा, मगच जुनं काढा. पहिल्या वर्षात तेवीस मशीनं आली. एकवीस चालू झाली. उरलेली दोन खरोखर जळलेली होती, आणि तसं बाईंनी तोंडावर सांगितलं. मुलगा सुट्टीत आला तेव्हा त्याचा स्वतःचा जुना लॅपटॉप बरोबर होता. त्यालाही शनिवारी रांगेत बसावं लागलं.

घरात मात्र एक गोष्ट हाताबाहेर गेली. सासूबाईंना आता गुरुवारची वाट पाहायची गरज उरली नव्हती. बटण कुठं आहे ते त्यांना वाचता येत होतं. त्या मनात येईल तेव्हा बहिणीला कॉल लावू लागल्या, कधी भाजी निवडताना, कधी नुसतंच बघायला की ती काय करतेय. भांडणं रोजची झाली. छत्रीचा निकाल मात्र अजून लागायचा होता.

आणि मग पुढच्या वर्षी तीच पांढरी पाटी समुद्रापलीकडे, मावशींच्या पडद्यावर आली. मावशींची मुलगी म्हणाली, नवीन घेऊ. मावशींनी ऐकलं नाही. त्यांनी टेलिफोनबाईंना फोन लावला. "तू जे केलंस ते मला सांग. मीच करणार."

बाईंनी मिस्टरांकडून आराखड्याची नवी प्रत काढून घेतली आणि टपालानं पाठवली. तिकडे मावशींच्या मुलीनं पेन ड्राइव्ह भरून दिला. मग एका रविवारी सकाळी बाई इकडे फोन कानाला लावून बसल्या आणि तिकडे त्र्याऐंशी पूर्ण केलेल्या मावशी कळफलकाशी. आराखड्याचे अकराच्या अकरा चौकोन झाले. मावशी दोनदा रागावल्या, एकदा रडकुंडीला आल्या, एकदा चुकून कॉम्प्युटरच बंद करून बसल्या. बाई एकदाही आवाज न चढवता विचारत राहिल्या, "मावशी, आता समोर काय दिसतंय? वरून वाचा." पावणेतीन तासांनी पलीकडून एक किंकाळी आली. बाईंनी फोन कानापासून लांब धरला.

"निळं! निळं झालं! आणि मराठीत आहे गं!"

पाच मिनिटांत इकडच्या कॉम्प्युटरची घंटी वाजली. सासूबाईंना ऐकू आली नाही, म्हणून बाईंनी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. पडद्यावर मावशी होत्या, केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर आणि चेहरा असा की जणू किल्ला सर करून आल्या आहेत.

"ताई, मी केलं! मी एकटीनं केलं!"

सासूबाई पुढं वाकून म्हणाल्या, "केलंस ना? आता कबूल कर, छत्री तूच हरवलीस."

"बरं बाई, हो. मीच हरवली. बसमध्ये."

साठ वर्षांचा दावा निकाली निघाला. सासूबाईंनी टाळी वाजवली, मावशी खळखळून हसल्या आणि दोघी पुन्हा बोलू लागल्या. बाईंची पाठ अवघडली होती, फोन धरून धरून कान तापला होता. त्यांनी मिस्टरांना खूण केली, चपला घातल्या आणि दोघं फिरायला बाहेर पडली. जिन्यावरून मिस्टर कठड्याला धरून सावकाश उतरत होते. बाई मात्र दोन दोन पायऱ्या एकदम उतरत खाली पोचल्या आणि फाटकाशी उभ्या राहून त्यांची वाट बघू लागल्या.